जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा खोटं दाखवतोय? टाकीतलं युनिट असं तपासा अन् असं सेट करा

पद्मिनी असो, अॅम्बेसेडर असो नाहीतर जुनी जीप, नागपुरात ज्याच्या घरी आहे त्याला विचारा पेट्रोलचा काटा बरोबर चालतो का, तर उत्तर ठरलेलं, भाऊ आम्ही तर काडी टाकून बघतो. ही काडी आधी बंद करा. काडीसोबत माती आत जाते, लाकडाचे तुकडे जातात, मग फिल्टर चोक होतो, अन् इतकं करून वर्धा रोडवर बुटीबोरीच्या पुढे रात्री टाकीत नक्की किती उरलंय ते काडी सांगत नाही, काटाच सांगतो. काटा दुरुस्त करणं अवघड नाही. लोक चुकतात ते क्रमात. काटा हलला नाही की पहिले युनिट उपटतात, नवीन आणून टाकतात, अन् तरी काटा तसाच. म्हणून मी ज्या क्रमाने सांगून राहिलो त्याच क्रमाने करा, फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर.

आधी हे चालतं कसं ते बघू. टाकीत एक फ्लोट तरंगतो, त्याला दांडी असते, दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी पत्ती असते अन् ती बारीक तारेच्या गुंडाळीवर घासत फिरते, या सगळ्याला मिळून युनिट म्हणतात. घरच्या पंख्याचा जुना तारेचा रेग्युलेटर असायचा न, तसंच हे, फक्त बोटाऐवजी पेट्रोल ते फिरवतं. पेट्रोल कमीजास्त झालं की रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बदलतो, त्यानुसार डॅशबोर्डवरच्या मीटरमधून करंट कमीजास्त वाहतो अन् काटा हलतो. मीटरपासून युनिटपर्यंत एकच वायर येते, परतीचा रस्ता म्हणजे टाकीचा पत्रा अन् गाडीची बॉडी. हे परतीच्या रस्त्याचं लक्षात ठेवा, निम्मी भानगड तिथेच असते.

तुमचं मीटर कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. स्विच ऑन करा अन् काट्याकडे बघा. काटा सावकाश, अर्धा मिनिट घेत वर चढला तर ते गरम होऊन वाकणाऱ्या पट्टीचं, म्हणजे बायमेटल मीटर. काटा टपकन उडी मारून जागेवर गेला अन् खड्ड्यात गाडी आदळली की थरथरला तर ते मॅग्नेटवालं. बायमेटल मीटर असलेल्या बऱ्याच इंग्लिश धाटणीच्या गाड्यांमधे मीटरच्या मागे एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर, ती बॅटरीचे १२ व्होल्ट तोडून-जोडून सरासरी १० व्होल्ट देते अन् पेट्रोल अन् टेम्परेचर दोन्ही मीटर तिच्यावरच चालतात. म्हणून दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवायला लागले, किंवा दोन्ही एकदमच मेले, तर टाकीकडे जायचंच नाही, ती डबी बघायची. तिचा अर्थ, म्हणजे बॉडीशी असलेला जोड, सुटला तरी दोन्ही काटे वर चढतात. नागपुरात बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ७८१० नावाचा रेग्युलेटर मिळतो, तीन पायांचा, तो त्या डबीच्या जागी चालतो. पण फक्त निगेटिव्ह अर्थ असलेल्या गाडीत. फार जुनी गाडी पॉझिटिव्ह अर्थची असू शकते, बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला गेलंय ते डोळ्यांनी बघून मगच लावा.

आता काहीही न खोलता करायची टेस्ट. डिकीत किंवा सीटखाली, जिथे तुमच्या गाडीचं युनिट आहे तिथे, स्विच बंद ठेवून युनिटवरची वायर काढा अन् कशालाच टेकणार नाही अशी ठेवा. स्विच ऑन करा, काटा कुठे जातो बघा, लिहून ठेवा. स्विच बंद. आता त्याच वायरच्या टोकाला दुसरी लांब वायर जोडा, मधे २० ओहमच्या (ओहम हे रेझिस्टन्सचं माप) आसपासचा ५ वॉटचा रेझिस्टर टाका, अन् दुसरं टोक टाकीपासून दूर चेसिसच्या एखाद्या स्वच्छ बोल्टला घट्ट लावा. मग पुन्हा स्विच ऑन. काटा पहिल्यावेळी एका टोकाला अन् यावेळी दुसऱ्या टोकाकडे गेला तर मीटर चांगलं, वायर चांगली, गडबड युनिटमधे किंवा त्याच्या अर्थमधे. कोणत्या टोकाला काय येतं ते गाडीवर आहे, बायमेटलवाल्या इंग्लिश सिस्टीममधे वायर मोकळी ठेवली तर रिकामं अन् अर्थ केली तर फुल्ल दाखवतं, काही अमेरिकन सिस्टीममधे बरोब्बर उलटं. बरेच वायरमन रेझिस्टर न टाकता वायर सरळ बॉडीला टेकवतात, तेही स्विच चालू असताना अन् टाकीच्या अगदी तोंडाशी. तसं करू नका. एक तर तिथे ठिणगी पडते, अन् दुसरं म्हणजे बायमेटल मीटर जास्त वेळ सरळ अर्थवर राहिलं तर आतली तार जळते, मग टाकीचं दुखणं डॅशबोर्डपर्यंत जातं.

काटा दोन्हीवेळा ढिम्म राहिला तर वायर कुठेतरी तुटलीय किंवा मीटर गेलंय. हीच टेस्ट मीटरच्या मागच्या टर्मिनलवर करा, तिथे काटा हलला तर दोष मधल्या वायरमधे. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी मागच्या सीटखाली वायर कुरतडलेली सापडते, आधी तिथेच बघा.

युनिटवर दोन टर्मिनल असले तर एक मीटरचं अन् दुसरं रिझर्व्हच्या लाईटचं असतं, कोणतं कोणाचं ते वायर काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

मग अर्थ. मल्टिमीटर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायचं यंत्र, २०० ओहमवर ठेवा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून आधी त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स बघा अन् पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून तो वजा करा. बॅटरी सुटी करून एक प्रोब युनिटच्या वरच्या प्लेटला अन् दुसरा बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला. १ ओहमपेक्षा कमी आलं पाहिजे. ५ ओहम, १० ओहम येत असेल तर युनिट बिचारं खरं बोलून राहिलं अन् रस्ता त्याचं ऐकू देत नाही. टाकी साफ करून रंगवून आणली अन् त्यानंतर काटा बिघडला, ही तक्रार फार ऐकू येते, अन् कारण हेच, टाकीला चारही बाजूंनी सुंदर रंग, खाली रबराच्या पट्ट्या, युनिटखाली रबराचं पॅकिंग, मग करंट परत जाणार कुठून. युनिटच्या एका स्क्रूखालचा रंग खरवडा, दातेरी वॉशर टाका, तिथून चेसिसपर्यंत वेगळी अर्थची वायर ओढा अन् जोडावर थोडं व्हॅसलिन लावा म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. बऱ्याच गाड्यांचं काम इथेच संपतं अन् टाकी उघडायची वेळच येत नाही.

इथपर्यंत करूनही काटा खोटाच असेल तर युनिट बाहेर काढावं लागेल. यात घाई चालणार नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर असतो, अन् पेट्रोलची वाफ तर शून्याच्या कितीतरी खालीसुद्धा पेट घेते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साचते. म्हणून हे काम पहाटे करा, बंद शेडमधे नाही, मोकळ्या अंगणात. अन् कूलर लावून तर अजिबात नाही. गरम होतंय म्हणून कूलर ओढून गाडीजवळ आणणारे लोक पाहिले आहेत, त्याच्या मोटरची, पंपाची, स्विचची ठिणगी तिथेच पडते. हॅलोजन नको, बिडी-सिगरेटवाला मित्र जवळ नको, बॅटरीचं टर्मिनल काढून बाजूला, पावडरवालं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. पेट्रोल पाव टाकीच्या खाली असू द्या. काढून ठेवायचं असेल तर झाकणाच्या धातूच्या कॅनमधे, पाण्याच्या बाटलीत नाही.

युनिटभोवतीची माती ब्रशने झाडा, नाहीतर प्लेट उचलली की सगळी आत. प्लेट कशी बसलीय त्याची खूण करा. काही गाड्यांत ५-६ स्क्रू असतात, काहींत फिरवून काढायची रिंग असते, ती लोखंडी छिन्नीने ठोकू नका, पितळेचा तुकडा लावून ठोका, पितळेने ठिणगी पडत नाही. युनिट सरळ वर ओढायचं नाही, दांडी तिरपी करत करत काढायचं, नाहीतर दांडी वाकते अन् तुमचं मूळ सेटिंगच हरवतं. निघालं की टाकीचं भोक लगेच स्वच्छ फडक्याने नीट बंद करा, युनिट लांब नेऊन पूर्ण वाळू द्या.

पहिले फ्लोट बघा. पितळेचा असेल तर कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो गळका. आवाज नसला तरी गरम पाण्यात बुडवून धरा, आतली हवा फुगते अन् भोक असेल तिथून बारीक बुडबुडे निघतात. गळका फ्लोट झाळायच्या भानगडीत शक्यतो पडू नका, आत पेट्रोलचा थेंबही राहिला अन् गरम केलं तर तो फुटतो, नवीनच टाका. कॉर्कचा फ्लोट असेल तर एक नवीन अडचण आहे. जुन्या कॉर्कवर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा थर असायचा. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं अन् लाख अल्कोहोलमधे विरघळते. थर गेला की कॉर्क पेट्रोल पितो, जड होतो, अर्धा बुडतो, अन् टाकीत असलेल्यापेक्षा काटा कमी दाखवायला लागतो. बाकी सगळं ठीक असून काटा महिनोन्महिने हळूहळू खाली सरकत गेला असेल तर माझा पहिला संशय कॉर्कवर. त्याजागी इथेनॉल सहन करणारा नायट्राईल रबराचा किंवा पितळेचा फ्लोट टाका. पॅकिंगही याच पेट्रोलमधे टिकेल असं घ्या, व्हायटॉन रबराचं मिळालं तर उत्तम.

आता तारेची गुंडाळी. उजेडात धरून बघा, सगळी गुंडाळी जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने काळपट तपकिरी झालेली असते अन् पत्ती जिथून फिरते तेवढाच एक चकचकीत पट्टा दिसतो. हा पट्टा मधे जास्त रुंद, जास्त घासलेला असतो, कारण बहुतेक गाड्या आयुष्यभर पाव ते पाऊण टाकीतच फिरतात. तार तिथेच तुटते. मल्टिमीटरचा एक प्रोब टर्मिनलला, दुसरा प्लेटला, अन् दांडी अगदी सावकाश वरपर्यंत न्या. आकडा सरळ वाढत किंवा कमी होत गेला पाहिजे. मधेच एकदम हजारांत गेला किंवा १ दाखवून थांबला तर तिथे तार तुटलीय किंवा पत्ती टेकत नाहीये. काट्याचा जुना मल्टिमीटर असेल तर तो वापरा, डिजिटलमधे बारीक तुटक पटकन दिसत नाही.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ कापडाने पुसा, पुन्हा मोजा. पॉलिश पेपर चुकूनही लावू नका, ही तार केसासारखी बारीक, दोन हात मारले की संपली. पत्ती ढिली वाटली तर नोज प्लायरने किंचित दाबून तिचा ताण वाढवा, फक्त किंचित, जास्त दाबली तर वर्षभरात तार खाऊन टाकेल.

मग कागदावर चार आकडे लिहा, दांडी पूर्ण खाली, पाव, अर्धी, पूर्ण वर. हे आकडे तुमच्या मीटरशी जुळले पाहिजेत. जगात बऱ्याच जोड्या चालतात. जुन्या जनरल मोटर्समधे रिकाम्याला ० अन् भरल्याला ९० ओहम, जुन्या फोर्ड-क्रायस्लरमधे रिकाम्याला ७३ अन् भरल्याला १०, बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच अमेरिकन मीटरला २४० अन् ३३, व्हीडीओ (VDO) कंपनीच्या मीटरला १० अन् १८०. बघा, काहींत भरताना आकडा वाढतो अन् काहींत उतरतो, उलट्या जातीचं युनिट लावलं तर फुल्ल टाकीला काटा रिकामं दाखवेल अन् कोणताही रेझिस्टर लावून ते सुलटं होत नाही. दुकानदार म्हणेल हे अॅम्बेसेडरचंच युनिट आहे, त्याचं चुकत नसतं, पण अॅम्बेसेडर १९५० च्या दशकाच्या शेवटापासून २०१४ पर्यंत बनली, मधे मीटर बदलली, अन् त्यानंतर आधीच्या मालकांनी काय काय बदललं ते वेगळं. म्हणून मल्टिमीटर खिशात घेऊन जा अन् काउंटरवरच मोजा.

आकडे एकाच दिशेचे पण वेगळे असले तर जुगाड होतो, त्याची मर्यादा मात्र आधीच समजून घ्या. समजा मीटर ७३-१० चं आहे अन् हातात युनिट आहे २४०-३३ चं. युनिटला समांतर १०० ओहम लावला तर रिकाम्याला येतात ७०.६ अन् भरल्याला २४.८. म्हणजे खालचं टोक जवळपास बरोबर, वर मात्र काटा फुल्लपर्यंत पोचणार नाही. मला हे चालतं. फुल्लचं टोक चुकलं तर काही बिघडत नाही, पंपावर टाकी भरलीय हे तुम्हाला माहीतच असतं. रिकाम्याचं टोक चुकलं तर माणूस रस्त्यावर येतो. म्हणून सेटिंग करताना नेहमी ई च्या, म्हणजे रिकाम्याच्या बाजूने सुरुवात करा, एफ ला, म्हणजे फुल्लला जे येईल ते येऊ द्या.

सेटिंग म्हणजे दांडी वाकवणं, दुसरं काही नाही. आधी टाकीची खोली युनिटच्या भोकातून मोजा, प्लेट बसते तिथपासून तळापर्यंत. दांडी पूर्ण खाली असताना फ्लोटचा तळ टाकीच्या तळापासून साधारण इंचभर वर राहिला पाहिजे. तळाला टेकला तर दांडी खालच्या थांब्यापर्यंत जातच नाही अन् टाकी कोरडी झाली तरी काटा थोडा वरच राहतो, हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. दांडी वाकवताना पिव्होटजवळ, म्हणजे ती जिथे फिरते तिथे, एका पक्कडने घट्ट धरा अन् दुसऱ्या पक्कडने पुढे वाकवा, जोर पत्तीवर अन् गुंडाळीवर गेला नाही पाहिजे. अन् थोडं थोडं. २०० मिलिमीटरची दांडी ५ अंश वाकवली तर फ्लोट १७ मिलिमीटर सरकतो, पसरट टाकीत तेवढ्यात कितीतरी लिटर इकडचे तिकडे होतात. दांडी वाकवली की पूर्ण रीडिंग वर किंवा खाली सरकतं, दोन टोकांमधलं अंतर बदलत नाही. टोकं बदलायची असतील तर थांब्याच्या छोट्या पत्र्या असतात, त्या वाकवा.

युनिट टाकीत घालण्याआधी बाहेरच काट्यासोबत जुळवा. टाकीचं भोक झाकलेलं, युनिट कोरडं, लांब धरलेलं. बॅटरी सुटी असतानाच मीटरची वायर लांब वायरने टर्मिनलला अन् प्लेटपासून बॉडीला एक जाड वायर जोडा, मग बॅटरी लावून स्विच ऑन. एकाने सीटवर बसून काटा वाचायचा, दुसऱ्याने दांडी धरायची. बायमेटल मीटर असेल तर प्रत्येक जागी दांडी मिनिटभर स्थिर धरा, नाहीतर काटा पोचण्याआधीच तुम्ही पुढे जाल अन् सगळे आकडे खोटे लिहाल.

बसवताना नवीन पॅकिंग, प्रत्येक स्क्रूखाली फायबर किंवा तांब्याचा वॉशर. साधं सिलिकॉन लावू नका, पेट्रोलमधे ते फुगून सुटतं अन् त्याचे तुकडे पंपापर्यंत जातात, लावायचंच तर पेट्रोलला चालणारं सीलंट अन् तेही पातळ. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने कसा, प्लेट वाकेल इतके नाही. मग फ्लोट टाकीच्या भिंतीला किंवा आतल्या आडव्या पत्र्याला अडत नाही ना ते गाडी हलवून काट्यावर बघा.

शेवटचं काम पेट्रोल टाकून. टाकी जवळपास रिकामी करून तुमच्याकडचं पेट्रोल मोजून ५-५ लिटर टाकत जा, किंवा पंपावरच ५-५ लिटर घ्या अन् प्रत्येकवेळी पंपापासून दूर सपाट जागी गाडी उभी करून काटा लिहा. जागा खरंच सपाट पाहिजे, सेमिनरी हिल्सच्या उतारावर घेतलेलं रीडिंग फेकून द्या. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर तिथे ५ लिटरचं तपासणीचं माप ठेवलेलं असतं, मागा, ते दाखवायला बांधील आहेत. अन् उन्हाळ्यात गळ्यापर्यंत भरून सेटिंग बघू नका, जमिनीखालच्या टाकीतलं थंड पेट्रोल गाडीत २० अंशांनी तापलं तर ४० लिटरमागे जवळपास पाऊण लिटर फुगतं, ते वरून सांडतं.

लिहिलेले आकडे सारख्या अंतराने येणार नाहीत, कारण टाकी काही चौकोनी डबा नसते, वर रुंद अन् खाली निमुळती असली तर अर्ध्यावरून रिकाम्याकडे काटा भराभर उतरतो. त्याच्यामागे लागून पुन्हा दांडी वाकवत बसू नका. काटा ई वर टेकला तेव्हा ४-५ लिटर शिल्लक असतील तर सेटिंग झालं समजा, बाकीच्या खुणांना किती लिटर ते एका कार्डावर लिहून ग्लोव्ह बॉक्समधे ठेवा, गाडी दुसऱ्या कोणी चालवली तर त्यालाही कामाला येतं. अन् पहिला पाऊस पडून गेला की अर्थची ती वायर एकदा पुन्हा मोजून घ्या.